ऊर्जेसाठीच्या विलो लागवडीत पान-परीक्षण कसं करायचं: नवख्यांसाठी

मुंबईत विलो म्हटलं की आझाद मैदान आणि शिवाजी पार्क आठवतं. काश्मीर विलोची बॅट की इंग्लिश विलोची, हा वाद इथे शाळकरी पोरंही घालतात. या लेखातला विलो त्याच कुळातला असला, तरी बॅटचा नाही. हा झुडपी विलो आहे. स्वीडन, इंग्लंड, पोलंड, अमेरिकेतलं न्यूयॉर्क राज्य अशा थंड भागांत तो शेतात ओळीनं लावतात, दर तीन-चार वर्षांनी जमिनीलगत कापतात, चिप्स करतात आणि बॉयलरमध्ये जाळून वीज व उष्णता मिळवतात. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर यावर जोरात संशोधन सुरू झालं. या झाडाच्या पोषणाबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्याचा मोठा भाग तिथूनच आलेला आहे.

मुंबईत बसून हे शिकायचं कशाला? कारण याबद्दल विचारणारे बरेच आहेत. कलिन्याला किंवा माटुंग्याला शिकणारी आणि पुढे युरोपात बायोएनर्जी शिकायला जाणारी मुलं आहेत. अंधेरी-पवईच्या कार्यालयांत बसून बायोमास प्रकल्पांचे अहवाल तपासणारे आहेत. कर्जत, मुरबाड, वाड्याकडे वडिलोपार्जित जमीन असलेले आणि तिथे बांबू लावलेले लोकही आहेत. औष्णिक वीजकेंद्रांत कोळशासोबत बायोमास जाळण्याचं केंद्राचं सुधारित धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून या शेवटच्या गटाची उत्सुकता वाढली आहे. विलो कोकणात लावा, असं मी कुणालाच सांगणार नाही. त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते. पण पान बघून झाडाचं पोट भरलंय की नाही हे ओळखायची पद्धत शिकायला विलोसारखं पीक नाही, कारण त्याच्यावर हे काम फार बारकाईनं झालेलं आहे.

आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पान-परीक्षणात लोक सगळा भर प्रयोगशाळेवर देतात. चांगली लॅब कुठली, मशीन कुठलं, रिपोर्ट किती दिवसांत येतो, हेच प्रश्न असतात. चुका मात्र बहुतेक वेळा शेतात होतात, पान तोडण्याच्या त्या दोन सेकंदांत. कुठलं पान, कुठल्या दिवशी, कुठल्या फांदीचं, हे पक्कं नसेल तर जगातलं उत्तम यंत्रही काही सांगू शकत नाही. म्हणून या लेखात तोडणीवर जास्त बोललो आहे.

आधी पीक समजून घ्या

विलोच्या वीतभर कांड्या जमिनीत खोचतात. स्वीडनमध्ये त्या जोडओळीत लावतात: दोन ओळींत ७५ सेंटिमीटर, मग दीड मीटरची मोकळी वाट, पुन्हा जोडओळ. हेक्टरी साधारण १२ ते १५ हजार झाडं बसतात. पहिल्या हिवाळ्यात वाढलेली काडी बऱ्याचदा छाटून टाकतात, म्हणजे पुढच्या वसंतात बुंध्यातून भरपूर फुटवे येतात. उसाचा खोडवा धरतात तसंच हे समजा, फक्त इथे खोडवा २० ते २५ वर्षं चालतो. कापणी हिवाळ्यात होते, पानं गळून गेल्यावर.

पान गळल्यावर कापायचं, याला पोषणाच्या दृष्टीनं मोठा अर्थ आहे. शरद ऋतूत पान पिवळं पडताना झाड त्यातलं बरंचसं नत्र (नायट्रोजन) काडीत आणि मुळात परत ओढून घेतं. उरलेलं गळलेल्या पानासोबत जमिनीत जातं. लाकडाच्या चिप्समधून बाहेर जाणारं नत्र त्यामुळे कमी राहतं, कोरड्या टनामागे साधारण ४ ते ५ किलो. पानांसकट कापलं तर हे गणित बिघडतंच, शिवाय बॉयलरवाल्यांनाही त्रास होतो. इंधनात नत्र जास्त गेलं की धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, आणि पालाश (पोटॅशियम) जास्त गेलं की राख कमी तापमानाला वितळून जाळीवर चिकटते.

म्हणजे पानातलं अन्न आपल्याला विकायचं नसतं. पानाकडे आपण बघतो ते झाडाची अवस्था कळावी म्हणून. माती-परीक्षण जमिनीत काय आहे ते सांगतं, पण त्यातलं झाडाला किती मिळालं हे पानच सांगतं. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे नव्यानं सांगायला नको, ते वर्षानुवर्षं देठ-परीक्षण करत आले आहेत. फरक एवढाच, की द्राक्षात देठ तपासतात आणि विलोत पानाचं पातं. दोन्हीचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

कधी तोडायचं

उत्तर युरोपात विलोला एप्रिल-मेमध्ये पालवी फुटते. कोवळ्या पानात नत्राची टक्केवारी खूप जास्त असते, कारण पान अजून लहान असतं आणि त्यात लाकडी भाग तयार झालेला नसतो. पान मोठं होतं, जाड होतं, तशी टक्केवारी उतरते. मधल्या काही आठवड्यांत ती त्यामानानं स्थिर असते, आणि सप्टेंबरनंतर झाड पानातलं अन्न परत ओढू लागलं की पुन्हा घसरते. म्हणून नमुना जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत घ्यायचा. मे महिन्यातल्या ४ टक्के नत्राची सप्टेंबरच्या अडीच टक्क्यांशी तुलना करून ‘झाड उपाशी पडलं’ असा निष्कर्ष काढणारे अहवाल असतात. असा अहवाल हातात आला, तर सगळ्यात आधी तारीख बघा.

दिवसही निवडावा लागतो. मोठ्या पावसानंतर लगेच तोडू नका. पालाश पानात घट्ट बांधलेलं नसतं, पाण्यात विरघळलेल्या रूपात असतं, आणि सरींनी ते पानातून धुपून जातं. स्वीडनच्या पावसातही हे होतं, मग आपल्या जुलैच्या पावसाची कल्पना करा. इथल्या कुठल्याही झाडावर सराव करताना दोन-तीन कोरडे दिवस मिळाल्यावरच पान घ्या. खत टाकल्यावर किंवा फवारणी केल्यावरही लगेच घेऊ नका. सकाळचं दव वाळल्यानंतरची वेळ सोयीची, आणि सगळे नमुने शक्यतो एकाच सत्रात उरकावेत.

कुठलं पान

इथे थांबून नीट बघू. तीन-चार मीटर उंचीच्या बुंध्यावर डझनभर फुटवे असतात. काही जोमानं वर गेलेले, काही सावलीत दबलेले. तुम्हाला हवा आहे तो सगळ्यात उंच फुटव्यांपैकी एक. त्याच्या वरच्या एक-तृतीयांश भागातलं, ऊन लागणारं, पूर्ण उघडलेलं पान. झाड नत्र उन्हातल्या पानांकडे पाठवतं, त्यामुळे वरून खाली येताना टक्केवारी उतरत जाते. वरचं एक आणि सावलीतलं एक अशी मिसळ केली तर आलेला आकडा कुठल्याच पानाचा नसतो.

फुटव्याचं टोक डाव्या हातात धरा आणि खाली मोजत या. टोकाची पानं अजून फिकट, मऊ, दोन्ही कडांनी आत वळलेली असतात. ती सोडा. पहिलं पान, जे पूर्ण लांबीचं झालंय आणि बोटांत धरल्यावर थोडं ताठ लागतं, तिथे खूण करा. त्याच्या खालची तीन-चार पानं तुमची. झुडपी विलोत ऊर्जेसाठी सालिक्स व्हिमिनॅलिस ही जात आणि तिचे संकर बरेच वापरतात. तिचं पान बोटासारखं अरुंद, वीतभर लांब, वरून गडद हिरवं आणि खालून रेशमी लवेमुळे चंदेरी असतं. तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके, भुंगेऱ्यांनी खाल्लेली जाळी, करपलेली टोकं, यांतलं काहीही दिसलं तर ते पान नमुन्यात नको. त्याची नोंद मात्र वहीत हवी.

देठ ठेवायचं की काढायचं, ते एकदाच ठरवा आणि शेवटपर्यंत तसंच करा. मी काढतो, कारण देठात नत्र कमी असतं.

एका ठिकाणचा नमुना म्हणजे एक झाड नव्हे. शेताच्या कडेच्या दोन-तीन ओळी सोडून द्या, तिथे ऊन आणि जागा जास्त मिळते. आत नागमोडी चालत जा, २० ते ३० झाडांवरून प्रत्येकी दोन-तीन पानं घ्या आणि एका पिशवीत टाका. असे निदान तीन वेगळे नमुने एका तुकड्यातून घ्या, म्हणजे शेतातल्या शेतात किती फरक आहे ते कळेल. वाण वेगळे असतील तर पिशव्याही वेगळ्या. टोरा, योर, टोर्डिस, इंगर ही स्वीडनमधल्या काही वाणांची नावं आहेत. शेजारी शेजारी, एकाच मातीत असलेल्या दोन वाणांच्या पानांचे आकडेही वेगळे येऊ शकतात.

पिशवी कागदाची घ्या, प्लास्टिकची नको. तिच्यावर पेन्सिलीनं तारीख, तुकडा, वाण, खोडव्याचं वय आणि किती पानं भरली तो आकडा लिहा. पानांची संख्या विसरू नका, ती पुढे फार उपयोगी पडते.

सराव मुंबईत कुठे करायचा

बऱ्याच सोसायट्यांच्या कुंपणाला जास्वंद असते. तिची छाटणी होते, नवे सरळ फुटवे येतात, पानं साधी असतात आणि मोजता येतात. सचिवांना विचारून वीस झुडपांवर हा सगळा क्रम करून बघा. सुबाभूळ किंवा गिरिपुष्प मात्र सरावाला घेऊ नका. ती हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत बांधतात, त्यांचं पान नेहमीच श्रीमंत दिसतं. राष्ट्रीय उद्यानातली पानं तोडायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रातही विलोचा एक सगा आहे. वाळुंज, ओढ्या-नद्यांच्या काठानं वाढणारा, सालिक्स टेट्रास्पर्मा. सह्याद्रीकडे फिरायला जाल तेव्हा पाण्याकाठी शोधा. फुटव्यावर पानांची मांडणी कशी असते, कोवळं पान कुठे संपतं आणि पक्कं कुठे सुरू होतं, हे डोळ्यांना शिकवायला त्याच्याइतकं जवळचं झाड दुसरं नाही.

धुणं, वाळवणं, दळणं

शहरात हे काम करणाऱ्यांनी धुळीचा विचार आधी करावा. मेट्रोचं खोदकाम, रस्त्यावरची माती, गाड्यांची काजळी, या सगळ्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असतं. न धुतलेल्या पानात लोह भरमसाट निघतं आणि ते झाडाचं नसतं. साध्या नळाच्या पाण्यानं एकदा, अगदी सौम्य साबणाच्या पाण्यानं एकदा, मग डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा धुवा. सगळं मिळून मिनिटाच्या आत. पान पाण्यात भिजत ठेवलं तर पुन्हा पालाश निघून जातं. नुसतं नत्र तपासायचं असेल तर मऊ कपड्यानं पुसलं तरी चालतं.

तोडल्यावर पान जिवंतच असतं, श्वास घेतं आणि वजन गमावतं. त्यामुळे त्याच दिवशी ओव्हनमध्ये जाऊ द्या. कर्जतहून दादरला येईपर्यंत लोकलच्या गर्दीत पिशव्या दाबल्या-उबवल्या गेल्या तर पावसाळ्यात एका रात्रीत बुरशी धरते. बर्फाच्या पाकिटांसह थर्मोकोलची पेटी जवळ ठेवा. ओव्हन ६५ ते ७० अंश सेल्सिअस, ४८ तास. यापेक्षा जास्त तापवायचा मोह आवरा, पान भाजलं तर काही घटक उडून जातात. वाळलेलं पान मुठीत दाबलं की कुरकुरून चुरा झाला पाहिजे. वाकलं तर अजून वेळ आहे.

मुंबईच्या हवेत एक जादा काळजी घ्यावी लागते. वाळलेलं पान हवेतला ओलावा भराभर शोषतं. ओव्हनमधून काढून टेबलावर ठेवलं आणि चहा पिऊन आलात, की वजन बदललेलं असतं. सिलिका जेलच्या बंद बरणीत गार करा आणि बाहेर काढताच तोला. मोजलेल्या पानांचं एकूण वजन भागिले पानांची संख्या, म्हणजे एका पानाचं सरासरी कोरडं वजन. मग स्टीलच्या पात्यांच्या मिक्सरमध्ये बारीक पूड करा आणि हवाबंद डबीत ठेवा.

लॅबला काय सांगायचं

नत्रासाठी जेल्डाल पद्धत अजूनही सर्रास वापरतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान जेल्डाल यांनी ती १८८३ मध्ये मांडली. पूड तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये शिजवायची, नत्राचं अमोनियम करायचं, मग ते ऊर्ध्वपातनानं वेगळं काढून मोजायचं. मुंबईत अशा लॅब बऱ्याचदा अन्नपदार्थांचं काम करणाऱ्या असतात, आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये नत्राऐवजी प्रथिनं लिहून येतात. तसं झालं तर आकड्याला ६.२५ नं भागा: १७.५ टक्के प्रथिनं म्हणजे २.८ टक्के नत्र.

स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशचं दुसरं त्रांगडं. खताच्या गोणीवर ते ऑक्साइडच्या रूपात छापतात, पानाच्या रिपोर्टमध्ये बहुधा मूलद्रव्याच्या. ऑक्साइडच्या स्फुरदाला ०.४४ नं आणि पालाशला ०.८३ नं गुणलं की मूलद्रव्य मिळतं. रिपोर्टवर कुठलं रूप आहे ते फोन करून विचारा, आणि टक्केवारी कोरड्या वजनावर आहे ना तेही.

लॅब पारखायची एक रीत आहे आणि ती मी प्रत्येक नवख्याला करायला लावतो. एकाच डबीतली पूड दोन वेगळ्या नावांनी पाठवा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

शेतात झटपट अंदाज घ्यायचा तर हरितद्रव्य मीटर आहे. पान चिमट्यात धरायचं. यंत्र ६५० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश पानातून पाठवतं आणि एक आकडा दाखवतं. चिमट्याखाली येतो तो जेमतेम २ बाय ३ मिलिमीटरचा तुकडा. त्यामुळे विलोच्या अरुंद पानात मधली शीर त्यात येता कामा नये. शीर आणि कडेच्या मध्ये, पानाच्या मधल्या भागात धरा, आणि निदान ३० पानांची सरासरी घ्या. हा आकडा म्हणजे नत्राची टक्केवारी नव्हे. आधी आपल्याच वाणाची काही पानं मीटरनं मोजून तीच लॅबला पाठवायची, दोन्हींचा संबंध काढायचा, मग मीटर वापरायचा.

रिपोर्ट वाचताना

भर मोसमातल्या, वरच्या, पक्क्या पानासाठी ढोबळमानानं असं धरा: नत्र २ टक्क्यांच्या खाली असेल तर झाड नक्की उपाशी आहे. अडीच ते साडेतीन टक्क्यांत असेल तर नत्राची चिंता नाही. मधल्या पट्ट्यात निकाल वाढीकडे बघून द्यायचा.

टक्केवारीपेक्षा प्रमाण जास्त बोलतं. स्वीडनचे टॉर्स्टन इंगेस्टाड यांनी रोपांना रोज वाढीच्या वेगाइतकंच अन्न देत दाखवलं, की झाडाला अन्नद्रव्यं ठरावीक प्रमाणात लागतात. नत्र १०० धरलं तर विलोला स्फुरद साधारण १४ आणि पालाश ७० च्या आसपास. हे प्रयोगशाळेतलं आदर्श प्रमाण आहे. शेतातल्या झाडांत स्फुरद १० च्या आसपास असला तरी वनशास्त्रात तो पुरेसा मानतात, तेव्हा १४ नाही म्हणून धावत डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, आणू नका.

आता ते पानाचं वजन बाहेर काढा. समजा, नत्र न दिलेल्या तुकड्यात १०० पानांचं कोरडं वजन २० ग्रॅम आणि स्फुरद ०.३० टक्के. नत्र दिलेल्या तुकड्यात वजन २८ ग्रॅम आणि स्फुरद ०.२४ टक्के. नुसती टक्केवारी बघणारा म्हणेल, स्फुरद घटला. पण पहिल्या १०० पानांत स्फुरद ६० मिलिग्रॅम होता, दुसऱ्यांत ६७. झाडानं उलट जास्तच घेतला, फक्त मोठ्या पानात तो पसरला. पान वजनानं वाढलं, टक्का उतरला, एकूण साठा वाढला, तर ते घटक पातळ झालं इतकंच. वजन, टक्का आणि साठा तिन्ही वाढले, तर त्याच घटकाची कमतरता होती आणि खतानं ती भरली. वजन तेवढंच आणि टक्का वाढला, तर झाड ते नुसतं साठवतंय, पैसे वाया. वजन घटलं आणि टक्का वाढला, तर काहीतरी अपाय होतोय, किंवा दुसऱ्याच कारणानं वाढ खुंटल्यामुळे ते घटक पानात साचतंय. म्हणून खत न दिलेली एक पट्टी शेतात कायम राखून ठेवा. तिच्याशिवाय हे वाचन होत नाही.

डोळ्यांनाही काम द्या. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही झाडात फिरणारी द्रव्यं; कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून लक्षणं खालच्या पानांवर दिसतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन फिरत नाहीत, त्यांची लक्षणं शेंड्यावर. आणि खालची पानं पिवळी पडण्याचं कारण कधी कधी नुसती सावली किंवा पाण्याचा ताण असतं.

खताचा हिशेब पानाबरोबर कापणीवरून करायचा. वर्षाला हेक्टरी १० टन कोरडं लाकूड धरलं तर तीन वर्षांच्या कापणीत १२० ते १५० किलो नत्र बाहेर जातं. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र, म्हणजे सहा-सात गोण्यांएवढं. लागवडीच्या पहिल्या वर्षी मात्र नत्र देऊ नका. मुळं अजून छोटी असतात आणि खताचा फायदा तण उचलतं. स्वीडनमधल्या एन्शोपिंग गावानं हा खर्चच वळवला: सांडपाणी प्रक्रियेतून निघणारं नत्रयुक्त पाणी सुमारे ७५ हेक्टर विलोला दिलं आणि त्या विलोच्या चिप्स गावच्या वीज-उष्णता केंद्रात जाळल्या. विलो कॅडमियमही चांगलं उचलतो, त्यामुळे असं पाणी देताना पान-परीक्षणात जड धातूही तपासावे लागतात.

बांबूवाल्यांसाठी

मुरबाड-वाड्याकडच्या मंडळींनी वरची पद्धत पूर्ण घ्यावी, आकडे एकही घेऊ नये. बांबू गवताच्या कुळातला, त्याच्या पानात सिलिका भरपूर, आणि हिवाळ्यात एकदम होणारी ती पानगळही नाही. एका बेटात कोवळ्या, दोन वर्षांच्या आणि जुन्या काठ्या शेजारी उभ्या असतात, म्हणून कुठल्या वयाच्या काठीवरून पान घ्यायचं ते आधी ठरवा आणि त्या काठ्यांना रंगानं खूण करा. पावसाळा संपून जमीन वाफशावर आली, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिली, की तोडणी करा. तुमच्याच शेतातली सगळ्यात जोमदार पाच बेटं आणि सगळ्यात रोडावलेली पाच बेटं निवडा, दोन्हींचे नमुने वेगळे पाठवा, आणि पानांची संख्या व वजन लिहून ठेवा. दोन्हींत कुठल्या घटकात ठळक फरक पडतो, ते खत फक्त दोन रोडावलेल्या बेटांना द्या. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच वयाच्या काठ्यांवरून पुन्हा पान घ्या.